आधी की नंतर? : इंग्रजी प्रेपोझिशन आणि आपली शब्दयोगी अव्यये

(द्वितीय वर्ष, कला)

इंग्रजी व्याकरणावर मी लेख लिहावा, याचे माझ्या वर्गमैत्रिणींना हसू येईल. गेल्या वर्षी पहिल्याच चाचणीत माझ्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईच्या सत्तावीस खुणा होत्या. त्यांपैकी एकोणीस खुणा इन, ऑन, ॲट, बाय, टू, फॉर अशा चिमुकल्या शब्दांभोवती होत्या. मोठमोठ्या शब्दांची स्पेलिंगे मी रात्र रात्र जागून पाठ केली होती, आणि अडखळले ते दोन-तीन अक्षरांच्या शब्दांना! त्या एकोणीस खुणांचे कारण शोधताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. मी काही भाषाशास्त्राची विद्यार्थिनी नव्हे. तेव्हा चूकभूल अध्यापकवर्गाने पदरात घ्यावी.

या शोधामागे गुणांपेक्षा मोठे असे एक कारण आहे. ते आधी सांगते.

एक पत्र

आमचे गाव निफाड तालुक्यातले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. आप्पा चौथीपर्यंत शिकले, आई सहीपुरती. त्यामुळे घरात इंग्रजी छापलेला कोणताही कागद आला, मग ते औषधाचे खोके असो की बियाण्याची पिशवी, तो माझ्या हाती येई. मी नववीत असताना आमची दुभती गाय दगावली. तिचा विमा उतरवलेला होता. कानातला बिल्ला, डॉक्टरांचा दाखला, पंचनामा सगळे रीतसर झाले. पुढे एक इंग्रजी पत्र आले. एक कागद कमी पडला होता, तो 'विदिन टेन डेज' आणून द्यावा, असे त्यात लिहिले होते.

'इन टेन डेज' म्हणजे 'दहा दिवसांनी' हे मला ठाऊक होते. 'विदिन'च्या पोटात 'इन' दिसतच होता. मी आप्पांना ठासून सांगितले, "दहा दिवसांनी जायचंय." आप्पा बाराव्या दिवशी कागद घेऊन गेले. मुदत दोन दिवसांपूर्वीच संपली होती. घरी आल्यावर मला ते एवढेच म्हणाले, "तू वाचलं ते बरोबरच असंल. कागदच उशिरा आला आसंल."

'विदिन टेन डेज' म्हणजे दहा दिवसांच्या आत, हे मला पुढे अकरावीत कळले. त्या दिवशी वर्गात माझे बाकी लक्ष लागले नाही.

आरशातली दोन वाक्ये

आता मूळ विषयाकडे वळू. 'प्रेपोझिशन' या शब्दाचा अर्थच मुळी 'आधी ठेवलेला' असा आहे. नामाच्या किंवा सर्वनामाच्या आधी बसून त्याचा वाक्यातील इतर शब्दांशी संबंध जोडणारा तो शब्द. आपले शब्दयोगी अव्यय हेच काम करते; पण ते नामाच्या नंतर येते आणि त्याला चिकटून लिहिले जाते. "मांजर पाटाखाली बसले" हे वाक्य इंग्रजीत नेले की 'खाली'चा 'अंडर' होतो आणि तो पाटाच्या अलीकडे जाऊन बसतो. क्रियापदही शेवटची जागा सोडून कर्त्याजवळ येते. मराठी वाक्य आरशासमोर धरावे तसे त्याचे इंग्रजी रूप दिसते.

हा केवळ योगायोग नाही. जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६३ साली अनेक भाषा शेजारी मांडून दाखवून दिले की, ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यांत संबंध दाखविणारे शब्द बहुधा नामानंतर येतात. मराठी, हिंदी, कन्नड, तमिळ, जपानी, तुर्की या साऱ्या त्याच पंगतीतल्या. म्हणजे मराठी माणसाला प्रेपोझिशन उलटे वाटते, यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. त्याच्या भाषेचा साचाच तसा आहे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत संस्कृतासारखेच नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत असत. काळाच्या ओघात ते झिजले, आणि त्यांचे काम वाक्यातील शब्दक्रमाने व प्रेपोझिशनांनी उचलले. आपल्याकडेही संस्कृतातले प्रत्यय प्राकृतातून येता येता झिजले आणि त्यांच्या जागी नवे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये उभी राहिली. 'उपरि'चा 'वर' झाला, 'मध्य'चे 'मध्ये' झाले, 'पार्श्व'वरून 'पाशी' आले. तिकडे 'बाय' आणि 'साइड' मिळून 'बिसाइड' झाला, म्हणजे बाजूला. आणि 'बिट्वीन'मधला 'ट्वीन' हा 'टू'चा, म्हणजे दोनचा, नातलग आहे. तेव्हा 'बिट्वीन' म्हणजे मुळात 'दोहोंमध्ये'. दोन्ही भाषांवर एकच प्रसंग ओढवला आणि दोघींनी तो आपापल्या परीने निभावला. एकीने आधार पुढे उभा केला, दुसरीने मागे.

अर्धवट समीकरण

शाळेत आपल्याला शब्दांच्या आठ जाती शिकवितात आणि 'प्रेपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय' असे समीकरण पाठ करून घेतात. ही आठ जातींची मांडणी आपल्याकडे इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने आली. संस्कृतात यास्काने नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चारच वर्ग मानले होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, आणि १९११ साली मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा मोठा ग्रंथ आला. या थोर मंडळींनी मराठीला व्याकरण दिले. आपण मात्र त्यांच्या व्याख्या तेवढ्या उचलतो आणि दोन भाषांचा मेळ घालायचे विसरतो.

ते समीकरण खोटे नाही; पण ते अर्धेच आहे. "आईने चाकूने कांदा चिरला" या वाक्यात शब्दयोगी अव्यय एकही नाही. तरी इंग्रजीत चाकूपाशी 'विथ' लागतो. "सोमवारी", "घरी", "नाशिकला", "आप्पांचा" यांतही शब्दयोगी अव्यय नाही, विभक्तीचे प्रत्यय आहेत. पण इंग्रजीत जाताना त्यांना ऑन, ॲट, टू, ऑफ यांपैकी काहीतरी हवे असते. म्हणजे इंग्रजी प्रेपोझिशनसमोर मराठीचे दोन गट उभे करावे लागतात : शब्दयोगी अव्यये आणि विभक्तिप्रत्यय. माझ्या एकोणीस चुकांपैकी बहुतेक चुका या दुसऱ्या गटातल्या निघाल्या.

आपला एक, त्यांचे अनेक

आता 'ने' हा एकच प्रत्यय घेऊ. "पत्र शिपायाने आणले" हे कर्मणी वाक्य म्हणून इंग्रजीत नेले तर 'बाय'. "पेनाने लिहिले" तर 'विथ'. पण "निळ्या शाईने लिहिले" तर 'इन'. "एस.टी.ने आले" तर पुन्हा 'बाय'. "तापाने गेला" तर 'ऑफ'. "थंडीने कुडकुडला" तर 'विथ'. आणि "दोन तासांनी" म्हटले तर 'इन' किंवा 'आफ्टर'. मराठीत कर्ता, साधन, वाहन, कारण आणि काळ हे सगळे जण एकाच छपराखाली नांदतात. इंग्रजीने प्रत्येकाला वेगळी खोली दिली आहे. तेव्हा "ने-ला इंग्रजीत काय म्हणतात?" हा प्रश्नच चुकीचा आहे. "हा ने कोणते नाते सांगतो?" असा प्रश्न विचारला की उत्तर सापडू लागते.

'वर'चेही तेच. आपल्या गोदावरीवरच हा प्रयोग करून पाहू. नाशिक गोदावरीच्या काठावर आहे. इंग्रज सरळ म्हणतो, नाशिक 'ऑन द गोदावरी' आहे. त्याचे शब्दशः मराठी केले तर सारे शहर पाण्यावर तरंगू लागेल! नदीवरचा पूल मात्र 'ओव्हर द गोदावरी'. मैत्रीण रामकुंडावर भेटणार असेल तर 'ॲट रामकुंड'. ब्रह्मगिरीवर चढायचे असेल तर 'अप ब्रह्मगिरी'. आणि ती उशिरा आल्यामुळे मी तिच्यावर रागावले, तर 'अँग्री विथ हर'. आपण 'अँग्री ऑन हर' म्हणतो, ते आपल्या 'वर'च्या ओढीने. "वेळेवर" या शब्दातही एक खुबी आहे. ठरल्या वेळेला गाडी आली तर ती 'ऑन टाइम'. गाडी सुटायच्या आधी आपण पोहोचलो तर आपण 'इन टाइम'.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की नाशिककर पुराची उंची फुटांत विचारीत नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आले की कमरेपर्यंत, असे विचारतात. हा 'पर्यंत' म्हणजे 'अप टू'. पण हाच 'पर्यंत' काळाला लागला की फसवतो. "संध्याकाळपर्यंत थांब" आणि "संध्याकाळपर्यंत ये" ही दोन वाक्ये पाहा. पहिल्यात थांबण्याची क्रिया संध्याकाळ होईतो चालू राहणार. तेथे 'टिल' किंवा 'अन्टिल' हवा. दुसऱ्यात येण्याची क्रिया संध्याकाळ व्हायच्या आत एकदाच घडणार. तेथे 'बाय' हवा. मराठीला क्रियापदावरून अर्थ कळतो, म्हणून तिला दोन शब्दांची गरज भासली नाही. इंग्रजीने ते दोन केले. अर्जांवर, नोटिसांवर, परीक्षेच्या फॉर्मवर जेथे तारीख असते, तेथे बहुधा या दोहोंपैकी एक शब्द किंवा 'विदिन' असतोच. त्याच्यावरून नजर घसरली की काय होते, ते मी वर सांगितलेच आहे.

'पासून'ही तसाच तिहेरी. "जूनपासून वर्ग सुरू होतील" येथे 'फ्रॉम'. "२०२२ पासून मी नाशकात आहे" येथे 'सिन्स', कारण सुरुवातीचा क्षण सांगितला आहे. "दोन वर्षांपासून मी नाशकात आहे" येथे 'फॉर', कारण सांगितली आहे ती कालावधीची लांबी. 'सिन्स टू इयर्स' ही आपली लाडकी चूक येथूनच येते.

ठिपका, पृष्ठभाग, पेटी

इन, ऑन आणि ॲट या त्रिकुटासाठी मी एक खूणगाठ बांधली आहे. ॲट म्हणजे ठिपका, ऑन म्हणजे पृष्ठभाग, इन म्हणजे पेटी. बसथांब्याकडे आपण नकाशावरच्या ठिपक्यासारखे पाहतो, म्हणून 'ॲट द बस स्टॉप'. रस्ता हा पृष्ठभाग, म्हणून 'ऑन कॉलेज रोड'. शहर हे चारी बाजूंनी वेढणारे, म्हणून 'इन नाशिक'. काळालाही हेच लावता येते. पाच वाजता हा ठिपका : ॲट. सोमवारी हा एक दिवस, कॅलेंडरचे एक पान : ऑन. जून महिना किंवा १८३६ साल ही मोठी पेटी : इन.

प्रत्येक खूणगाठ कुठेतरी सुटते, तशी हीही सुटते. सकाळ 'इन द मॉर्निंग' असते, पण रात्र 'ॲट नाइट'. आणि 'सोमवारी सकाळी' म्हटले की सकाळही 'ऑन'च्या ताब्यात जाते. मोटारीत माणूस 'इन द कार' असतो, पण एस.टी.त 'ऑन द बस'. जेथे उभे राहता येते, चालता येते, अशा मोठ्या वाहनांना बहुधा 'ऑन' लागतो. आमच्या गावच्या सकाळच्या गाडीत उभे राहायला तरी कुठे जागा असते, हा भाग निराळा!

जेथे काहीच नको

कित्येकदा चूक शब्द निवडण्यात नसते, तर नको तेथे शब्द घालण्यात असते. मराठीत आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून इंग्रजीत 'डिस्कस अबाउट' म्हणतो. 'डिस्कस'ला सोबती लागत नाही. वर्गात शिरतो, म्हणून 'एन्टर इन द क्लास' लिहितो. तेथेही काही नको. नाशिकला पोहोचतो, म्हणून 'रीच टू नाशिक' म्हणतो. नुसते 'रीच नाशिक' पुरे. घरी जाताना 'गो होम', मध्ये 'टू' नाही. आईला सांगितले तर 'टोल्ड मदर', पण आईला म्हणाले तर 'सेड टू मदर'. आपल्या 'ला'ला दोन्हीकडे मुभा आहे. इंग्रजीत 'टेल'ला 'टू' चालत नाही आणि 'से'ला त्यावाचून चालत नाही.

उलट काही क्रियापदे सोबत्यावाचून अर्थच देत नाहीत. 'लुक ॲट' म्हणजे पाहणे, 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे. क्रियापद तेच, सोबती बदलला की अर्थ बदलला. आपल्याकडेही 'बसणे' आणि 'मागे बसणे', 'लागणे' आणि 'मागे लागणे' यांत असाच फरक आहे.

शेवटची एक जागा. मराठीत शब्दयोगी अव्यय लागले की नामाचे सामान्यरूप होते. घोडा असतो, पण 'घोड्यावर' होते. इंग्रजी नाम असे बदलत नाही. सर्वनाम मात्र बदलते. 'आय'चे 'फॉर मी' होते, 'ही'चे 'टू हिम' होते. म्हणून 'बिट्वीन यू अँड आय' हे चूक आणि 'बिट्वीन यू अँड मी' हे बरोबर. हे इंग्रजीचे सामान्यरूप आहे असे मनाशी धरले की विसरायला होत नाही.

अभ्यास कसा करावा?

आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पूर्वी ते पाचवीपासून असे. म्हणजे माझ्या पिढीने शाळेत बारा वर्षे इंग्रजी वाचले, तरी या चुका उरल्याच. तेव्हा वर्षे कमी पडली असे म्हणता येणार नाही. दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची सवय कमी पडली. मी स्वतः केलेले तीन उपाय सांगते.

एक : इंग्रजी क्रियापद किंवा विशेषण वहीत एकटे उतरवू नये, त्याच्या सोबत्यासह उतरवावे. डिपेंड ऑन, कन्सिस्ट ऑफ, अफ्रेड ऑफ, गुड ॲट, मॅरिड टू. मराठीत आपण कुत्र्याला भितो, गणितात हुशार असतो आणि कुणाशी तरी लग्न करतो. त्यामुळे टू, इन आणि विथ तोंडात येणारच. जोडी पाठ असेल तरच ती ओढ थांबते.

दोन : छोटा इंग्रजी उतारा घ्यावा, त्याचे मराठी करावे, पुस्तक मिटावे आणि दुसऱ्या दिवशी त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करावे. मग मूळ उताऱ्याशी ताडून पाहावे. ज्या तर्खडकर भाषांतर पाठमालांवर आपल्याकडच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांचा पायाही भाषांतर हाच होता. आपल्या चुका नेमक्या कोठे होतात, ते या पद्धतीत आपले आपल्यालाच दिसते.

तीन : आपल्या चुकांची यादी करावी आणि प्रत्येक चुकीपुढे ती कोणत्या मराठी प्रत्ययातून आली ते लिहावे. माझ्या यादीत 'ला', 'वर' आणि 'ने' हे तिघेच वारंवार आले. चुकांची कारणे तीनच निघाली, तेव्हा एकोणीस खुणांची भीती पुष्कळ ओसरली. यंदाच्या चाचणीत याच प्रकारच्या खुणा सहा होत्या. त्या सहांची यादी सुरू आहे.

येथे वर्गातल्या माझ्यासारख्या मित्रमैत्रिणींना एक सांगावेसे वाटते. 'डिस्कस अबाउट' म्हणणारा विद्यार्थी निर्बुद्ध नसतो. तो मराठीचा नियम बिनचूक पाळत असतो, फक्त परक्या अंगणात. ते अंगण कोठे सुरू होते एवढे त्याला कोणी दाखवून दिले, की तो हसण्यावारी जाणार नाही आणि वर्गात गप्पही बसणार नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले होते. त्या पत्रातला 'विदिन' मी कसा वाचला होता, ते आप्पांना पहिल्यांदाच सांगितले. ते कांद्याच्या रोपाला पाणी देत होते. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नववीतल्या पोरीला एवढं कुठून कळणार? आता लोकांचे कागद वाचशील तेव्हा तेवढा शब्द बघत जा म्हंजे झालं."

तसे मी करते. गावातून कोणी इंग्रजी कागद घेऊन आले की आधी पेन्सिल घेते आणि त्यातल्या विदिन, बाय, टिल, फ्रॉम या शब्दांभोवती गोल करते. मग पहिल्यापासून वाचायला लागते.